देवीसमोर लाल नको

मानकापूर मागे पडलं, कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या समोर दिसायला लागल्या आणि सोनिकाने मला पुन्हा थांबवलं.

"ताई, हा बोर्ड पहा. मागच्या बोर्डावर कोराडी सात किलोमीटर होतं. आता आठ."

"म्हणजे आपण उलटं चालून राहिलो असू," मी म्हटलं.

"मजाक नका करू. गाडीवाल्यायले काही फरक नाही पडत, पण पायी चालणाऱ्यानं काय समजाचं?" तिने मोबाईल काढून बोर्डाचा फोटो घेतला, मग मागे वळून आधीचा बोर्ड दिसतो का तेही पाहिलं. मी तोवर चपलेतला खडा काढून घेतला. सोनिकाबरोबर चालायचं म्हणजे पायांना विश्रांती भरपूर मिळते.

दसरा आणि कोजागिरीच्या मधल्या रविवारी मी दर वर्षी पायी कोराडीला जाते. नवरात्रात गेलं तर रांगेत देवीपेक्षा पोलीस जास्त दिसतात. नंतर देवीलाही जरा फुरसत असते. मी एकटीच जाते, वाटेत नाव घेते, कुणाला सांगत नाही. या वर्षी शनिवारी सोनिकाचा फोन आला, "ताई, मीही येते." मी समजले. कोराडीच्या पुढे खापरखेड्याला तिचं घर, रोज बसने याच रस्त्याने ये-जा; आजवर तिने देवळाच्या कमानीला खिडकीतूनच हात जोडलेले. मुलगी पायी देवीला निघते तेव्हा एक तर लग्न ठरत नसतं किंवा नोकरी जात असते. सोनिकाचं लग्न ठरत नव्हतं हे जुनं झालं होतं. नोकरी सोमवारी जाणार होती.

म्हणजे सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. पण आमच्या ऑफिसात बैठकीत काही ठरत नाही. आधी ठरतं, मग बैठक होते, मग समोसे येतात. समोसे मागवायचं काम माझ्याकडे असल्याने मला हे माहीत आहे.

सोनिका गभणे ही खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली मुलगी. वडील रुपराव कोळशाच्या विभागात. सगळ्या गोष्टींना "चालते ना" म्हणणारा माणूस. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडली तरी चालते, भात चिकट झाला तरी चालते, सरकार बदललं तरी चालते. आई देवकीबाई म्हणजे जिला पाहून भाजीवाल्याने गाडी दुसऱ्या गल्लीत वळवावी अशी बाई. जुडीतली प्रत्येक काडी वेगळी करून पाहणार. दोघांच्या संसारातून मुलीने काय उचलावं हा देवाचा प्रश्न होता, आणि देवाने सगळी देवकीबाईच उचलून दिली.

शाळेत ती गुरुजींना उत्तरपत्रिकेतल्या बेरजा दुरुस्त करून द्यायची, स्वतःचे मार्क कमी होत असले तरी. गुरुजींनी सुरुवातीला कौतुक केलं, मग तिला शेवटच्या बाकावर बसवलं.

तिला पाहायला काटोलकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घरी संत्र्याची बाग, एक मामा बोलायला आणि एक काका खायला. पोहे झाले, "स्वयंपाक येतो का" झालं. मामा म्हणाले, "मुली, तुले काही विचाराचं असंन तर विचार." हे आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे, विचारायची पद्धत नाही. सोनिकाने विचारलं, "बायोडाटात जन्मवेळ सकाळची आहे, पत्रिकेत संध्याकाळची. गुण जुळले ते कोणत्या वेळेवर?"

मामांनी काकांकडे पाहिलं, काकांनी पोह्यांकडे. मुलगा मात्र मोकळ्या मनाचा, म्हणाला, "सकाळी मंगळ येऊन राहिला होता ना, म्हणून." रुपराव म्हणाले, "चालते ना." पण पाहुण्यांचं चालेना. मुलगी चिकित्सक आहे असा निरोप आला. हा शब्द आमच्याकडे आजाराच्या नावासारखा हळू आवाजात बोलतात.

अशा मुलीसाठी देवाने एकच नोकरी काढून ठेवली होती. दुसऱ्याने बनवलेल्या सॉफ्टवेअरमधे चुका शोधायच्या आणि महिन्याला पगार घ्यायचा. माझ्या सासूबाईंनी हे काम आयुष्यभर फुकट केलं.

आयटी पार्ककडे दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तिथे हजेरी, चहा, एसीवाला, वाढदिवसाचे केक आणि देवधर्म ही खाती माझ्याकडे. बाकीची सगळी खाती जितेंद्र सरांकडे. सर माणूस वाईट नाही. दर सहा महिन्यांनी पुण्याला जातात आणि येताना एक सुधारणा घेऊन येतात. एकदा उभं राहून बैठक घ्यायची सुधारणा आणली. आठ दिवस उभे राहिलो, मग सरांचीच कंबर धरली. त्यानंतरच्या फेरीत त्यांनी चुका नोंदवायचं टूल आणलं.

टूल म्हणजे काय हे मला सोनिकाने समजावलं. तपासणाऱ्याला चूक सापडली की तिथे टाकायची: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्याला म्हणायचं बग. प्रत्येक बगला नंबर, शोधणाऱ्याचं नाव, आणि ज्याने दुरुस्त करायचा त्याचंही नाव. उघडा असेल तर लाल. दुरुस्त झाला, तपासणाऱ्याने पुन्हा पाहिला आणि बंद केला, की हिरवा. बंद करायचा अधिकार फक्त तपासणाऱ्याचा. मी म्हटलं, "म्हणजे ज्याने भांडी घासली त्यानेच घासली म्हणायचं नाही." ती म्हणाली, "अगदी बरोबर ताई. आमच्या सरायले हे समजावाले मले तीन दिवस लागले होते."

सरांनी टूलपुढे नारळ फोडला. हॉलमधे मोठा पडदा लावला, त्यावर दिवसभर लाल-हिरवे चौकोन दिसणार. आणखी एक सोय केली, तिचा त्यांना फार अभिमान. टूलमधे एकही गंभीर लाल उरला नाही की संध्याकाळी सॉफ्टवेअर आपोआप गिऱ्हाइकाकडे रवाना. कुणाला विचारायचं नाही, कुणी बटण दाबायचं नाही. "माणसावर भरोसा नाही ठेवायचा, इंदुताई, सिस्टिमवर ठेवायचा," ते म्हणाले होते. माणसं तिथेच बसून चहा पीत होती.

पण टूल पुण्याचं असलं तरी माणसं नागपूरची. पहिल्याच आठवड्यात सोनिकाने सौरवच्या नावावर चार बग टाकले. सौरव हा आमच्या ऑफिसातला गुणी पोरगा. कोड लिहितो आणि शनिवारी सगळ्यांसाठी तर्री-पोहे आणतो. त्याने पडदा पाहिला आणि सरळ तिच्या टेबलापाशी आला.

"काहून वं सोनिका, मी तुयं काय बिघडवलं?"

"तू नाही रे, तुझं लॉगिन पान बिघडलं आहे."

"मंग तोंडी सांग ना यार! मी काय नाही म्हटलं असतं? पडद्यावर काहून टाकते? सगळे पाहून राहिले."

"पाहाले पाहिजे म्हणूनच टाकते."

"अशी बदनामी तर माह्या काकानं नाही केली, शेतीच्या वाटणीत."

आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही. पोहे आणले त्यात तिची तर्री कमी. ऑफिसात मत झालं की सोनिकाचं चुकलं. दुसऱ्याच्या कामातला दोष कानात सांगावा, भिंतीवर लिहू नये, ही आमची माणुसकी. हळूहळू पद्धत पडली ती अशी: बग सापडला की तपासणारी मुलं आधी चहाला जाणार, चहावर सांगणार, तो "करतो ना, टाकू नको" म्हणणार, आणि दोघंही विसरणार. मैत्री टिकली, बगही टिकला. टूलमधे मात्र सगळं हिरवंगार. त्यातूनही काही टाकलं गेलंच तर त्यासाठी 'नंतर पाहू' अशी एक अवस्था होती. बाहेरगावी ती टूलची एक अवस्था असेल, आमच्याकडे तो स्वभाव आहे.

सोनिका एकटी टाकत राहिली. जुडीतली एकेक काडी.

नागपूरला लागून असलेल्या वाडीला बापूजींची ट्रक वाहतुकीची मोठी गोदामं आहेत. बापूजी म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, सत्तरीचे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, नमस्काराला नमस्कार करणारे. त्यांच्या गेटवर कोणता ट्रक कोणता माल घेऊन कुठे निघाला याचा पास देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. जुनं होतं ते नुसते पास छापायचं. नवं स्वतः माल आणि ट्रक यांची जोडी लावणार होतं. सौरवने बनवलं, सोनिकाने तपासलं.

तपासायला ती वाडीला गेटवर जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. तिथे तिने पाहिलं, की गेटवरचा माणूस पूर्ण नंबर कधीच टाकत नाही. ट्रकवाल्यांच्या जगात गाडीला शेवटच्या चार आकड्यांनी ओळखतात. "सत्तेचाळीस बारा लागली का?" "लागली." संपलं. सॉफ्टवेअरही चार आकडे पाहायचं आणि पहिली सापडेल ती गाडी धरायचं. पण पाटीच्या सुरुवातीचा पासिंग नंबर नागपूर शहराचा वेगळा, ग्रामीणचा वेगळा. शेवटचे चार आकडे सारखे असलेल्या दोन गाड्या एकाच दिवशी आवारात आल्या तर एकीचा माल दुसरीच्या पासावर.

तिने टूलमधे टाकलं, गंभीर म्हणून. पडदा लाल.

सौरव म्हणाला, "सोनिका, एकाच दिवशी, एकाच गोदामात, सारखे आकडे? असं लॉटरीत होते, वाडीत नाही होत."

"होऊ शकते ना?"

"होऊ तर काहीही शकते. माहं लग्नही होऊ शकते."

सर म्हणाले, "बेटा, एवढा एक नंतर पाहू मधे टाक." तिने टाकला नाही. दिवाळीआधी सॉफ्टवेअर द्यायचं होतं, आणि त्या एका लाल चौकोनासाठी ते अडून बसलं होतं. सर पडद्याकडे पाहायचे तेव्हा त्यांचा चेहरा पाहुण्यांसमोर पोराने चड्डी ओली केल्यासारखा व्हायचा.

मग खांडेनवमी आली. या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची, अवजारांची पूजा. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, आमचे कॉम्प्युटर. मी सकाळीच झेंडू आणला, प्रत्येक मशीनला हळद-कुंकू लावलं. हॉलमधे मोठ्या पडद्याखाली देवीचा फोटो मांडला, वरून झेंडूची माळ सोडली. आरतीला स्वतः बापूजी येणार होते.

जितेंद्र सर आले, मागे सरकून पाहिलं. देवी, माळ, दिवा आणि वर तो लाल चौकोन.

"इंदुताई, हे बरं नाही दिसत. देवीसमोर लाल नको."

मी म्हटलं, "सर, लाल तर देवीचाच रंग."

"हे ते लाल नाही, ताई. बापूजी पाहतील, विचारतील. पूजेच्या दिवशी कुठे समजावत बसू?" मग सौरवकडे वळून म्हणाले, "आरतीपुरतं हिरवं करून घे रे. नंतर पुन्हा उघडू." बंद कुणी करायचं हा नियम त्यांना आठवला नसेल असं नाही. सणाच्या दिवशी नियमालाही सुट्टी असते.

सोनिका तेव्हा पॅन्ट्रीत माझ्याबरोबर प्रसादाचा शिरा हलवत होती. रवा कच्चा आहे असं तिचं म्हणणं होतं, होताच थोडा. हॉलमधलं बोलणं संपवून मी परत आत गेले होते आणि शिऱ्यात गुठळी आहे की नाही यावर आमचा वाद चालला होता. मी आरतीचं ताट घ्यायला बाहेर आले तर सौरव सोनिकाच्या खुर्चीवर. तिच्या मशीनवर मी सोडलेली माळ त्याने एका हाताने बाजूला धरलेली, दुसऱ्या हाताने टकटक. मला वाटलं, माळ नीट करतोय. तो म्हणाला, "ताई, देवीसाठीच करून राहिलो." मी म्हटलं, "चांगलं आहे बाबा." तिच्या मशीनवरून केलं की तिचं नाव लागतं, हे मला कुठे कळतंय? तिचं मशीन उघडं होतं, कारण सकाळीच सरांनी सांगितलं होतं, पूजेला सगळी चालू ठेवा, काळे पडदे अशुभ दिसतात.

वरचा चौकोन हिरवा झाला. बापूजी आले. आरती झाली, सोनिका तोवर आत शिऱ्यापाशीच. बाकी सर्वांनी हिरव्या पडद्याखाली फोटो काढला. बापूजी पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हे काय आहे?" सर म्हणाले, "सब ठीक आहे असं दाखवते, बापूजी." बापूजींनी पडद्यालाही नमस्कार केला.

प्रसादाच्या वाट्या आतूनच भरून देऊन सोनिका मागच्या जिन्याने बस गाठायला गेली. प्रसाद झाल्यावर सौरव उठला. "सर, ते पुन्हा लाल करून टाकू?"

आणि इथे जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. सरांनी त्याचा हात धरला. "अरे पूजेला ठेवलेल्या शस्त्राला हात लावते का कोणी? उद्या दसरा, सीमोल्लंघन झालं की उचलायचं. आता घरी जा सगळे." सौरवने मशीनला नमस्कार केला. सर्वजण गेले. माणसांनी शस्त्र खाली ठेवलं. सिस्टिमला मात्र कुणी हळद-कुंकू लावलं नव्हतं. संध्याकाळी तिने पाहिलं, एकही गंभीर लाल नाही, आणि सॉफ्टवेअर वाडीला रवाना केलं.

दसऱ्याला वाडीत ट्रकांची पूजा असते. प्रत्येक गाडीच्या पुढे झेंडूची इतकी माळ, की नंबरची पाटी दिसायची सोय नाही. गेटवरचा माणूस ओरडून विचारत होता, ड्रायव्हर चार आकडे सांगत होता. आणि सौरवची लॉटरी लागली. सारख्या आकड्यांच्या दोन गाड्या. एकीला गडचिरोलीकडच्या एका रुग्णालयात सलाइनच्या बाटल्या न्यायच्या होत्या, दुसरीला सावनेरच्या एका लॉनवर दसरा मिलनासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या.

रुग्णालयाने खुर्च्या उतरवून घेतल्या. म्हणे कधीपासून मागत होतो, शेवटी सरकारला जाग आली. लॉनवाल्याने सलाइनचे खोके पाहून फोन केला, की पाहुणे यायच्या आधीच आम्हाला आजारी समजले का. हसायला येतं. पण रुग्णालयातल्या एका बाळंतिणीला त्या संध्याकाळी तिथे ठेवता आलं नाही, दुसरीकडे हलवावं लागलं. ती आणि बाळ दोघंही नीट आहेत. हे मी आधी विचारलं, मग पुढचं ऐकलं.

मी दसऱ्याला माहेरी रामटेकला गेले होते. शनिवारी परतले तेव्हा सगळं होऊन गेलेलं. टूलचा इतिहास उघडून पाहिला गेला होता. त्यात लिहिलं होतं: तपासला, ठीक, बंद केला. नाव: सोनिका गभणे.

जितेंद्र सर, जे कालपर्यंत म्हणत होते की एवढा एक नंतर पाहू मधे टाक, त्यांची टूलवर एकाएकी पुन्हा अपार श्रद्धा बसली. "माणूस विसरेल, सोनिका. टूल खोटं नाही बोलत." तिने सांगितलं की मी बंद केला नाही. ते म्हणाले, "इथे तर तुझंच नाव आहे, बेटा." मग मायेने समजावलं, सोमवारी बापूजी येताहेत, कुणीतरी जबाबदार दिसलं पाहिजे, तू आपणहून राजीनामा दे, मी अनुभवाचं पत्र छान लिहून देतो. सौरव त्या वेळी बाजूलाच उभा होता म्हणे, बूट पाहत. दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी पोहे घेऊन आला. तर्री भरपूर.

रस्त्यात एका कडुनिंबाखाली आम्ही पाण्याला थांबलो. मी तिला सांगितलं, मी काय पाहिलं. माळ, खुर्ची, टकटक, देवीसाठीच करून राहिलो.

सोनिका बाटलीचं झाकण लावायचं विसरली.

"तुम्ही पाह्यलं?"

"डोळ्यांनी. पण ते तुझ्या नावावर बसेल हे मला काय माहीत."

"मले वाटतच होतं. पण कोणी पाह्यलं असंन असं नव्हतं वाटलं." तिने झाकण लावलं. मग म्हणाली, "तो येऊन सांगन असं मले वाटत होतं. पोहे घेऊन आला तेव्हा वाटलं आता सांगन."

"त्याचं लग्न ठरून राहिलंय ना वं. घाबरला असेल."

"सगळ्यायचंच काही ना काही ठरून राहिलं असते ताई. माहंच काही ठरत नाही, म्हणून मी बरी."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. ते असतं तर मला सोपं गेलं असतं. आम्ही उठून चालायला लागलो. रस्त्याच्या कडेने दोन म्हातारे आपापल्या काठ्या आपटत परत येत होते. त्यांनी "जय जगदंबे" म्हटलं, आम्हीही म्हटलं.

मी तिला धीर दिला. "तू काळजी करू नको. मी आज संध्याकाळी सरांच्या घरीच जाते. त्यांच्या बायकोचं नि माझं भजनी मंडळ एक. घरच्यासारखं सांगते त्यांना. माणूस वाईट नाही."

"कोणीच वाईट नाही ताई. तोच तर प्रॉब्लेम आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही जाल. वहिनी चहा ठेवतील. सर म्हणतील, हो हो ताई, मी पाहतो. तुम्हाला बरं वाटन, त्यायले बरं वाटन. सकाळी बैठकीत तुम्ही समोसे घेऊन आत याल अन् सर म्हणतील, ठेवा ताई."

मला राग आला. खरं बोललं की येतो. "मग काय सगळ्यांसमोर ओरडू? बापूजींपुढे? मलाही तिथेच नोकरी करायची आहे सोनिका. या वयात मला कोण घेणार?"

"ओरडू नका," ती म्हणाली. "तुमचं लॉगिन आहे ना टूलचं? एसी बिघडला की तुम्ही टाकता."

होतं. सरांची आणखी एक सुधारणा: ऑफिसातल्या तक्रारीही तिथेच टाकायच्या. एसीतून पाणी गळतं हे मी तिथे लिहिलं होतं. ते 'नंतर पाहू' मधे आहे.

"त्याच बगच्या खाली लिहाची जागा आहे. कोणीही लिहू शकते, खोडता कोणालेच येत नाही. सोमवारी सर बापूजींले तेच पान दाखवणार आहेत, माहं नाव दाखवाले. तुम्ही काय पाह्यलं ते तिथं लिहा. तुमच्या नावानं."

"मला इंग्रजीत नाही लिहिता येत."

"मराठीत लिहा. बापूजी मराठीच वाचतात. कुठं उभ्या होत्या, काय दिसलं, तो काय म्हणाला, मी कुठं होती. बस. सौरवले नावं नका ठेवू. सर कसे वागले ते नका लिहू. मी चांगली पोरगी आहे हेही नका लिहू, त्याचा काही संबंध नाही. अन् देवीले त्याच्यात आणू नका, सर तिच्याच मागे लपतील."

"तो 'देवीसाठी' म्हणाला होता."

"तो म्हणाला ते लिहा. तुम्हाला काय वाटलं ते नका लिहू."

देवळाची कमान दिसायला लागली होती. फुलवाल्या बायका आम्हाला पाहून दुरूनच ओट्या पुढे करायला लागल्या. मी म्हटलं, "बरं. घरी गेल्यावर शांतपणे लिहिते. आधी दर्शन तर घेऊ. डोकं टेकलं की सुचेल नीट."

सोनिका थांबली. तिने टूल स्वतःच्या मोबाईलवर उघडलं, स्वतःचं लॉगिन काढलं आणि माझं टाकायची जागा समोर आणून मोबाईल माझ्या हातात दिला.

"नाही ताई. दर्शनाच्या आधी लिहा. दर्शन झालं की तुम्ही सगळ्यायले माफ करून टाकता."